तिघांचं दीड तिकीट

शुक्रवार

आधीच कबूल करतो. पर्यावरणाची काळजी वाटून गाडी घरी ठेवली, असं अजिबात घडलेलं नाही. गुरुवारी संध्याकाळी सिग्नलला गिअर पडेना, जळका वास सुटला आणि गॅरेजवाल्यानं बॉनेट न उघडताच निदान केलं, "क्लच प्लेट गेली. सोमवार-मंगळवार धरा." शनिवारी कोल्हापुरात मामाची पंचाहत्तरी. मी भाड्याच्या गाड्यांचे दर बघत बसलो होतो, तेव्हा आई आतून म्हणाली, "रेल्वे बंद पडल्या का?"

म्हणून मी, माझी तेरा वर्षांची मुलगी सई आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई असे तिघे दुपारी पुणे स्टेशनवरून कोयना एक्स्प्रेसमध्ये बसलो. बायकोला सुट्टी नव्हती. तिनं आम्हाला निरोप देताना चेहरा असा केला होता, जणू आम्ही काशीयात्रेला निघालोय.

पुणे–कोल्हापूर हा रस्त्यानं साधारण २३० किलोमीटरचा प्रवास. रेल्वे मात्र जेजुरी, नीरा, लोणंद, सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज अशी सगळ्यांच्या घरी चहा पीत जाते, त्यामुळे तिचं अंतर सव्वातीनशेच्या पुढं. गाडीनं साडेचार तासांत पोचणारा माणूस इथं संध्याकाळ खिडकीत घालवतो. शिंदवण्याच्या घाटापर्यंत मला हे फार खुपत होतं. आदर्कीच्या बोगद्यांनंतर मोबाइलची रेंज गेली, तेव्हा खुपायचं थांबलं.

सईनं वहीत हिशोब मांडला होता. आपली कार लिटरला पंधरा देते. जाऊन-येऊन ४६० किलोमीटर, म्हणजे ३१ लिटर पेट्रोल. एक लिटर पेट्रोल जळालं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे सत्तर किलोच्या वर. ती लिहिता लिहिता थांबली. "बाबा, पण एक लिटर पेट्रोलचं वजन तर पाऊण किलो असतं. त्यातून सव्वादोन किलो कसं निघेल?"

मला क्षणभर सुचेना. समोर बसलेले चष्मेवाले काका, मिरजेचे निवृत्त शिक्षक निघाले, त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "पेट्रोलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो बाळ. कार्बनच्या बारा भागांना ऑक्सिजनचे बत्तीस चिकटतात. वजन हवेतलं वाढतं. आपण पैसे पाऊण किलोचे देतो आणि सोडतो सव्वादोन किलो." पुढं कऱ्हाडपर्यंत त्यांनी आमचा ताबा घेतला. रेल्वेचा मार्ग आता विजेच्या तारांखाली आला आहे, पण वीज म्हणजे धूर नाही असं समजू नका, हे त्यांनी दोनदा बजावलं. आपल्या देशात एक युनिट वीज तयार होताना सरासरी सातशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण निम्म्याहून जास्त वीज अजून कोळशाचीच. "पण एका इंजिनामागं हजार-दीड हजार माणसं जातायत, हे बघ," असं म्हणून त्यांनी डबा दाखवायला हात फिरवला, तो नेमका भेळवाल्याच्या टोपलीला लागला.

मिरजेला काका उतरले आणि आईची भाषा बदलली. हे दर वेळी होतं. जयसिंगपूर, हातकणंगले मागं पडलं, रुकडीच्या पुढं पंचगंगेच्या पुलावर गाडीचा आवाज पोकळ झाला आणि आई पाय चोळत म्हणाली, "मी बाई दमलो आता." सई हसायला लागली. कोल्हापूरच्या बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, हे तिला सांगितलं होतं, पण पुण्यात चाळीस वर्षं 'दमले' म्हणणारी आजी पूल ओलांडताच अशी पलटेल हे तिला ठाऊक नव्हतं.

कोल्हापूरच्या आधी गूळ मार्केट नावाचं एक छोटं स्टेशन लागतं. गुळाच्या नावानं स्टेशन असणारं दुसरं गाव मला माहीत नाही. मिरज–कोल्हापूर हा फाटा संस्थानानं बांधला, १८९१ साली तो सुरू झाला. ज्या गावात रेल्वे येऊन थांबते, पुढं जात नाही, त्या गावचं स्टेशन भर शहरात असतं, हा त्याचा फायदा. बाहेर पडलं की मध्यवर्ती बसस्थानक चालत, रिक्षा दारात.

रिक्षा म्हणजे नवरीच. आत मखमली छत, आरशाला गोंडे, पितळी पट्ट्या अशा घासलेल्या की त्यात तोंड दिसावं. कोल्हापुरात रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा होतात, आणि त्या चेष्टेनं होत नाहीत. शुक्रवार पेठेत मामाच्या दारात उतरलो. मामानं आधी बोळात डोकावून पाहिलं.

"गाडी कुठाय?"

"नाही आणली मामा. क्लच गेला."

"ब्येस झालं. लावणार कुठं हुतास? गेल्या खेपंला चार तास माझ्याच दारात म्होरं-मागं करत हुतास."

शनिवार

सकाळी मामाची सायकल काढली. काळी, दांडीची, चोवीस इंची, मागं भक्कम कॅरिअर. मामानं उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत पस्तीस वर्षं याच सायकलवर नोकरी केली. पेठेतून उद्यमनगर, दुपारी जेवायला घरी, परत कामावर. तेव्हा त्याला कुणी शाश्वत वगैरे म्हणत नव्हतं. स्कूटर परवडत नव्हती, एवढंच.

रंकाळ्याला एक फेरी मारली. पहाटे पाण्यावर धुकं, संध्यामठाच्या बाजूला बगळे, फिरायला आलेली माणसं मफलर गुंडाळून राजकारणावर हिरिरीनं बोलतायत. सायकलचा ब्रेक डावीकडचा फक्त लागतो, हे मला उतारावर कळलं. परत येताना मनात आलं, हे शहर खरं म्हणजे सायकलच्या मापाचं आहे. महापालिकेची हद्द जेमतेम ६७ चौरस किलोमीटर, हद्दवाढीचा वाद जुना. शुक्रवार पेठेतून अंबाबाईचं देऊळ, बिंदू चौक, दसरा चौक, रंकाळा, पंचगंगेचा घाट सगळं दोन-तीन किलोमीटरांत. तरी रस्त्यावर दुचाकींचा पूर. मामेभाऊ रोज दीड किलोमीटरवरच्या दुकानात स्कूटरवर जातो. विचारलं तर म्हणाला, "चालत ग्येलो तर लोकं इचारतात, गाडी बिघडली काय?"

त्याची नवी स्कूटर विजेची आहे. तीन युनिटांत साधारण नव्वद किलोमीटर जाते म्हणतो. सईनं तिथंच वही काढली. तीन युनिटं म्हणजे दोन किलोच्या थोडं वर. तेवढ्याच अंतराला त्याची जुनी पेट्रोलची स्कूटर दोन लिटर प्यायची, म्हणजे साडेचार किलोच्या वर. "निम्मं," सई म्हणाली. मामेभावाचा चेहरा उजळला. "आणि चालत गेलं तर शून्य," तिनं खाली रेघ ओढली. त्याचा चेहरा परत पडला.

दुपारी कार्यक्रम, तांबडा-पांढरा, भाषणं. मामाला पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळलं. त्याबद्दल लिहीत बसत नाही. घरच्या कार्यक्रमाचं वर्णन घरच्यांनाच गोड लागतं.

संध्याकाळी देवीला चालत गेलो. महाद्वार रोडच्या अलीकडं बाहेरगावच्या गाड्यांची रांग. त्यात बसलेल्या माणसांचे चेहरे मी ओळखले, कारण दर वर्षी तो चेहरा माझा असतो. वाहनतळ शोधत गोल फिरायचं, एसी चालू, आई मागून विचारतेय 'आलं का देऊळ'. काच खाली करून एकानं मला विचारलं, "पार्किंग कुठं मिळेल?" मी खांदे उडवले. त्यांची गाडी अर्धा तास बंद न होता उभी होती. देवळाचं शिखर तिथून दिसत होतं.

पण शनिवारची खरी गोष्ट रात्रीची. नऊच्या सुमारास मामा म्हणाला, "चला, दूध प्यायला जाऊ." गंगावेस घरापासून पाच मिनिटांवर. तिथं कट्ट्यावर म्हशी येतात. टेम्पोतून नाही, चालत. गोठ्यातून निघून, भर वाहतुकीतून, बुलेटच्या हॉर्नला भीक न घालता. सहा-सात म्हशी कडेला उभ्या होत्या, अंगं धुऊन चकचकीत, शिंगांना तेल. एक गवळी उकिडवा बसला, सडांवर पाणी मारलं, चरवी गुडघ्यांत धरली. पहिल्या धारांचा आवाज टणटण येतो, दूध वर चढतं तसा तो जड, फुसफुसता होत जातो. चरवीतून तसंच ग्लासात. वर तीन बोटं फेस. सईनं ग्लास हातात धरला आणि दचकली. "बाबा, गरम आहे!"

"म्हशीच्या अंगाचंच गरम हाय त्ये," गवळी म्हणाला. "शेगडीचं न्हवं."

पुण्यात आमच्या दारात येणारं दूध गावातल्या संकलन केंद्रावरून शीतकरण केंद्रात, तिथून टँकरनं प्लँटला, पिशवीत, पुन्हा थंड गाडीतून दुकानात असं येतं. कोल्हापूरचं दूध मुंबई-पुण्याला असंच जातं, आणि जायलाच हवं, लाखो लोकांच्या दाराशी म्हैस बांधता येणार नाही. पण इथं मात्र दूध स्वतःच्या चार पायांवर गिऱ्हाइकापर्यंत आलं होतं. डिझेल नाही, पिशवी नाही, फ्रीज नाही. मी हे मोठ्या कौतुकानं सईला ऐकवलं. ती पांढऱ्या मिशा पुसत म्हणाली, "म्हशी मिथेन सोडतात बाबा. विज्ञानाच्या पुस्तकात आहे."

मामाला ते समजावून सांगितल्यावर तो इतका हसला की ठसका लागला.

रविवार

पन्हाळा. आईनं माहेरी आल्यावर पन्हाळा पाहिला नाही असं एकदाही झालेलं नाही. एसटीत चढलो. कंडक्टरला मी तीन तिकिटं म्हटलं. त्यानं आईकडं पाहिलं, "आज्जींचं आधार हाय?" आईनं ब्लाउजमधून पाकीट, पाकिटातून प्लास्टिकची पिशवी, पिशवीतून कार्ड काढलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत, आणि मार्च २०२३ पासून बायका-मुलींना अर्धं तिकीट. मग कंडक्टरनं जाहीर केलं, "तुमी तिघं, दीड तिकीट." आईच्या शून्य रुपयांच्या तिकिटाची घडी तिनं पर्समध्ये अशी ठेवली की जणू विम्याची पावती.

शिवाजी पूल ओलांडून वडणगे फाटा, केर्ली, वाघबीळ. डिसेंबर, म्हणजे ऊसतोड जोरात. रस्त्यावर ट्रॅक्टर, मागं एकाला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना लोंबतोय, वर कर्ण्यातून गाणं. आम्ही एका ट्रॅक्टरमागं दहा मिनिटं गोगलगायीसारखे चाललो. पुढं एक बैलगाडी लागली, टायरची, जवळच्या शेतातून निघालेली, खाली कंदील बांधलेला. ऊस तोडून पडून राहिला की साखरेचा उतारा घटतो, म्हणून सगळ्यांनाच कारखान्यात लवकर पोचायचं असतं आणि सगळेच एकमेकांच्या वाटेत.

शेजारच्या सीटवरचा शेतकरी म्हणाला, "आता पेट्रोलात बी आमचाच ऊस हाय." खरं आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. बाहेरून येणारं तेल तेवढं वाचतं, शेतकऱ्याला आणखी एक गिऱ्हाईक मिळतं. मात्र इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश, म्हणून मायलेज थोडं उतरतं, आणि आडसाली ऊस दीड वर्षं शेतात उभा राहून पाणी पितो ते वेगळं. कोल्हापुरात हे मोठ्यानं बोलायची सोय नाही. मी बोललो नाही.

पन्हाळ्यावर गाड्याच गाड्या. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून जे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात पन्हाळा आहे. अभिमान वाटतोच. पण गडावर रोजचं जगणारं गाव आहे, आणि वर यायला घाटरस्ता एक. २०२१ च्या पावसात तो खचला होता. त्याच रस्त्यावर एका गाडीत दोघं-दोघं अशा गाड्या वर चढताना पाहिल्या की वाटतं, पायथ्याशी वाहनतळ करून वर नुसत्या बस सोडायला काय हरकत आहे? हॉटेलवाले ऐकणार नाहीत म्हणतात. विचारून तरी बघावं.

तीन दरवाजा, अंधारबाव, मग अंबरखाना. धान्याच्या त्या कोठारांत आई नेहमी हळू आवाजात बोलते. भिंती इतक्या जाड की बाहेरचा हॉर्न आत येत नाही. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा पडला होता तो याच गडाला, हे सईला शिकवावं लागलं नाही, तीच मला सांगत होती.

आता माझी चूक. उतरल्यावर फलकावर परतीची वेळ वाचून घेतली होती, १६.३०. माझ्या डोक्यानं सोळाचं सहा केलं आणि आम्ही साडेसहाच्या हिशोबानं निवांत कणीस खात बसलो. पावणेसहाला स्थानकात आलो तर बस जाऊन तास उलटलेला. सईनं फलक वाचला, माझ्याकडं पाहिलं, काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

मग वडाप. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी: माणसं भरली की सुटणारी जीप. 'भरली' याचा अर्थ ड्रायव्हर ठरवतो. आई पुढं, तिच्या शेजारी एक बाई आणि कोंबडी. मागं आम्ही नऊ, पायरीवर दोन पोरं. सईच्या हिशोबात वडाप कारच्या खूप पुढं निघाली असती, चौदा माणसं आणि वीस किलोमीटरला पावणेदोन लिटर डिझेल. पण प्रत्येक वळणावर त्या पायरीवरच्या पोरांकडं बघून माझ्या पोटात गोळा येत होता. असली काटकसर मला नको.

रात्री अंथरुणावर सईनं बसचा हिशोब मांडला आणि मला उठवलं. पुण्यापर्यंतच्या बसला लिटरमागं साडेचार किलोमीटर धरले, तर ५१ लिटर डिझेल, लिटरला २.७ किलो, म्हणजे जवळपास १३८ किलो. चाळीस माणसं असली तर माणशी साडेतीन किलो. आपल्या कारमध्ये तिघं असतो तर माणशी बारा. "पण बसमध्ये दहाच माणसं असली तर माणशी चौदा बाबा! कारपेक्षा जास्त!"

अंधारात मी बराच वेळ त्यावर विचार करत पडलो. इंजिन पेट्रोलचं की विजेचं यावर आम्ही मित्र तासन्‌तास भांडतो. रिकाम्या सीटबद्दल कुणी बोलत नाही. माझ्या कारमध्ये रोज ऑफिसला जाताना चार सीट रिकाम्या असतात, आणि मी सोडलेली एक सीट ज्या बसमध्ये असते तीही त्यामुळं रिकामी धावते.

सोमवार

निघायच्या आधी मामानं जिन्याखालची भिंत दाखवली. रंग दिलाय, पण दोन रेघा मुद्दाम सोडल्यात. खालची २०१९ ची, वरची २०२१ ची. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांवर गेली की धोक्याची पातळी. त्या आकड्याकडं इथली माणसं पावसाळ्यात क्रिकेटच्या स्कोअरसारखी बघतात. दोन्ही वर्षी शिरोलीजवळ पुणे–बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला.

"हायवेला टरका हुब्या, भाजी न्हाई, पेट्रोल न्हाई," मामा म्हणाला. "घराघरांत फोर व्हीलर, पर टाकी कोरडी. आनी ही," त्यानं सायकलच्या सीटवर थाप मारली, "ही दुसऱ्या मजल्यावर न्हेऊन ठेवलेली. पानी वसरल्यावर पैल्यांदा भाईर पडली तीच." मामीनं आतून पुस्ती जोडली, "आनी पाच माणसांची भाजी मीच आनलो तिच्यावरनं. ह्यांनी नुसतं हांडल धरलं."

मध्यवर्ती बसस्थानकावर पुण्याची गाडी लागलेली. पुन्हा आधार कार्ड, पुन्हा दीड तिकीट. सईनं चढल्या चढल्या सीट मोजल्या. चव्वेचाळीस, त्यातल्या सात रिकाम्या. कऱ्हाडला त्याही भरल्या, आणि तिनं समाधानानं वही बंद केली. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे–नगर मार्गावर धावली आणि २०२२ ला त्याच तारखेला, त्याच मार्गावर विजेवरची 'शिवाई' सोडली, हे मी तिला सांगायला लागलो, पण ती झोपली होती. डोकं माझ्या दंडावर, तोंड उघडं.

साताऱ्याच्या पुढं गॅरेजवाल्याचा फोन आला. गाडी तयार आहे, आज नेता का? म्हटलं, शनिवारी बघू. आई खिडकीबाहेर बघत होती. खंबाटकीचा घाट उतरला, शिरवळ गेलं, कात्रजच्या बोगद्यात दिवे पिवळे झाले आणि तिनं पाय सीटखाली ताणले.

"दमले गं बाई," आई म्हणाली.

सई डोळे चोळत उठली. बाहेर पुण्याच्या पाट्या होत्या.

"आजी," ती म्हणाली, "मी पण दमलो."